हुं म्हटलं की पडायचं

चष्मेवाला गेली चौदा वर्षं आठवड्यातून दोनदा पडत होता. मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी सहा ते साडेसात, लाँड्रीच्या वरच्या खोलीत. अडखळून नाही, घसरून नाही, अगदी रीतसर पडायचा. आणि इतकं देखणं पडायचा की बघणाऱ्याला वाटावं, याला खरंच कुणीतरी उचलून आपटलंय.

ती खोली म्हणजे मास्तरांचा कुंग फूचा वर्ग. खाली लाँड्रीत दिवसभर इस्त्र्या चालायच्या आणि त्यांची वाफ फळ्यांच्या फटींतून वर यायची, त्यामुळे खोली बारा महिने उबदार आणि साबणाच्या वासाची. मास्तर अडुसष्ट वर्षांचे, जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले. तरुणपणी एका मालवाहू जहाजावरच्या आचाऱ्याकडून ते ही विद्या शिकले होते. आचारी कुणाकडून शिकला, हे विचारायची त्यांची हिंमत झाली नव्हती. विद्या मात्र भरपूर होती. एकूण बहात्तर डाव, आणि एकेकाचं नाव असं की ऐकणारा तिथेच अर्धा गार व्हावा. बगळ्याची चोच. वाघ डोंगर उतरतो. माकड फळ चोरतं. म्हातारा दार ढकलतो.

आता हे डाव इतके जालीम की खरोखर लावले तर समोरचा संपलाच, असं आचाऱ्याने सांगून ठेवलं होतं. म्हणून ते खरोखर लावायचे नाहीत. मास्तर हात पुढे आणायचे, अंगापासून चार बोटांवर थांबवायचे, बंद तोंडाने 'हुं' करायचे, की समोरच्याने पडायचं. याला वर्गात 'मान देणं' म्हणत. नवा माणूस आला की पहिले सहा महिने त्याला एवढंच शिकवलं जाई. हनुवटी छातीला, पाठ गोल, तळहात जमिनीवर सपाट, आणि पडल्यासरशी त्याच झोकात लोळून पुन्हा उभं, कारण मास्तरांचा पुढचा डाव तयार असायचा. बहुतेक लोक या सहा महिन्यांतच गाशा गुंडाळायचे. चष्मेवाला टिकला, आणि असा टिकला की मास्तरांना डाव दाखवायला दुसरा कुणी चालेना. वर्गात त्याचं नाव सतरंजी पडलं. वाईट वाटायचं सोडून त्याला त्याचा अभिमानच वाटायचा.

खरं सांगायचं तर मास्तर नेमकं काय करतात हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याचा नंबर होता उणे साडेसात. चष्मा काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवला की मास्तर म्हणजे एक पांढरा ढग. ढगाचा हात कुठला नि पाय कुठला, देव जाणे. तो आवाजावर पडायचा. 'हुं' आलं, पडला. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी बायकोने पाण्याची बादली 'हुं' करून उचलली तरी याचे गुडघे वाकायचे. एकदा त्याच्या चष्म्याच्या दुकानात एक जाडजूड गिऱ्हाईक 'हुं' करत खुर्चीत बसलं आणि चष्मेवाला काउंटरच्या मागे दिसेनासा झाला. स्क्रू शोधत होतो, असं त्याने वर येऊन सांगितलं. चष्म्याचे स्क्रू फार बारीक असतात, त्यामुळे ते खपून गेलं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. त्यात मेहुण्याने बॉक्सिंग सुरू केलं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, पार्सलची व्हॅन चालवायचा. टायरच्या दुकानामागच्या शेडमध्ये तो आठ महिने ठोसे मारत होता आणि आठ महिन्यांत त्याने घरातल्या प्रत्येक दाराच्या चौकटीशी लढून पाहिलं होतं. एका रविवारी दुपारी तो बहिणीकडे जेवायला आला आणि तिसऱ्या घासाला म्हणाला, "दाजी, एक विचारू? रागावू नका हं."

"विचार की."

"पडायचं नाही असं ठरवून उभा राहिलेला माणूस तुमच्या मास्तरांनी कधी पाडलाय का?"

चष्मेवाल्याने ताटातली पोळी उगाच दोनदा दुमडली. बायकोने मान वर केली. हाच प्रश्न तिच्या मनात तेरा वर्षं होता, तिने तो केवळ चांगुलपणाने गिळला होता.

"ते डाव जीवघेणे असतात," चष्मेवाला शेवटी म्हणाला.

"बरं. म्हणजे कुणी मेलंय का?"

"नाही."

"मग पडलंय का कुणी?"

"मी पडतो."

"तुम्ही तर पडणारच ना, दाजी," मेहुणा अगदी मायेने म्हणाला आणि त्याने बटाटे वाढून घेतले. ती माया चष्मेवाल्याला ठोशापेक्षा जास्त लागली.

मेहुणा गेल्यावर चष्मेवाला स्वयंपाकघरात गेला. बायको पातेलं घासत होती. तो म्हणाला, "जरा इकडे तोंड करून उभी राहा. मी बगळ्याची चोच मारतो. तू पडायचं नाही."

"मी कशाला पडेन?"

त्याने पाचही बोटं जुळवून चोच केली, एक पाय उचलला, चोच बायकोच्या खांद्याशी नेली आणि वर्गात व्हायचं तसं 'हुं' केलं. आणि स्वतःच्याच 'हुं'ने त्याचे स्वतःचे गुडघे वाकले. हनुवटी छातीला, पाठ गोल, तळहात सपाट. तो फरशीवर पसरला आणि लोळून ओट्याशी उभा राहिला. बायकोने हातातली घासणीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

"झालं?" ती म्हणाली.

मंगळवारपर्यंत चष्मेवाल्याच्या जिवाला चैन पडलं नाही. तसं म्हटलं तर काय बिघडणार होतं? दुकान चालू होतं, घर चालू होतं. पण दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं चढवून 'हे स्पष्ट दिसतं का हे' विचारणाऱ्या माणसाच्या आयुष्यात स्वतःहून निवडलेली अशी ही एकच गोष्ट होती. दुकान वडिलांचं, लग्न मावशीने जमवलेलं, मिशीसुद्धा बायकोच्या सांगण्यावरून काढलेली. हा वर्ग त्याने स्वतः निवडला होता, जिना चढून एकटा आला होता. तो जर खोटा निघाला तर चौदा वर्षं आपण साबणाच्या वासात नुसते लोळत होतो, असा अर्थ होणार होता. त्याला मनापासून भीती वाटली. तरी त्याने मंगळवारी वर्ग सुटल्यावर मास्तरांना विचारलं.

मास्तर बाकावर बसले. बुटाची नाडी बांधायला घेतली, ती आधीच बांधलेली होती.

"मी आचाऱ्याला एकदा विचारलं होतं हे," ते म्हणाले. "त्याने मला पोतंभर कांदे चिरायला बसवलं. पुन्हा विचारलं नाही."

"जाऊ द्या ना, मास्तर. मेहुणा काय, बोलतो काहीही."

"जाऊ कसं द्यायचं? लिफ्ट दुरुस्त केली की आधी आपण स्वतः आत उभं राहायचं, वरखाली जाऊन यायचं, मग लोकांना सोडायचं. पस्तीस वर्षं हा नेम मी मोडला नाही. आणि इथे बावीस वर्षं मी लोकांना तपासल्याशिवाय आत चढवतोय." त्यांनी नाडी सोडून पुन्हा बांधली. "बोलाव तुझ्या मेहुण्याला. तीन राउंड. माझा एक डाव, एकच, पण खरा लागू दे. नाही लागला तर वर्ग बंद. चालत नाही ती वस्तू मी लोकांना देणार नाही."

चष्मेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. मास्तर खरं तर स्वतःच उतरायला निघाले होते, पण मेहुणा म्हणाला, आजोबांच्या वयाच्या माणसाला ठोसा मारला तर आई मला घरात घेणार नाही. शिवाय मास्तर म्हणाले, शिकवलेलं टिकतं का हे बघायचं तर शिकलेल्यानेच उभं राहायला हवं. म्हणजे घोडं येऊन अडलं ते सतरंजीपाशी. दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी एक नवं पितळी कुलूप विकत आणलं, मूठभर जाड, आणि पँटच्या खिशात टाकलं. ते खिशात हलायचं आणि प्रत्येक पावलाला मांडीवर आपटायचं.

शुक्रवारी त्यांनी पोस्टातल्या बाईंना समोर उभं केलं. या वर्गातल्या दुसऱ्या जुन्या विद्यार्थिनी, पार्सलच्या गोण्या उचलून उचलून पाय कसे खांबासारखे झालेले. "बाई, आज मान देऊ नका," असं सांगून मास्तरांनी 'म्हातारा दार ढकलतो' लावला. खरोखर, हात टेकवून, जोर लावून. बाई होत्या तिथेच होत्या. मास्तरांनी पुन्हा ढकललं. बाईंना फार अवघड झालं.

"मास्तर, पडू का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नको," मास्तर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. चष्मेवाल्याला त्यांचा चेहरा दिसला नाही, ढगच दिसला, पण ढग जरा खाली बसल्यासारखा वाटला.

रविवारी सकाळी टायरच्या दुकानामागे सगळे जमले. शेडमध्ये रबराचा उग्र वास. रिंगला तीन बाजूंना दोर आणि चौथ्या बाजूला टायरांची भिंत. टायरचं दुकान आणि बॉक्सिंग दोन्ही एकाच बाईंचं होतं, त्यांना सगळे कोचबाई म्हणत. गळ्यात शिट्टी, खांदे कपाटाएवढे. सातआठ बॉक्सर मजा बघायला बसले होते. बायको टायरांच्या एका चळतीवर पर्स मांडीवर घेऊन बसली, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशी.

कोचबाईंनी चष्मेवाल्याच्या हातात ग्लोव्ह्ज चढवले. मास्तर जवळ आले, वाकून बघू लागले.

"बोटं कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"आत."

"बाहेर काढता नाही येणार?"

"नाही, काका."

मास्तरांचा चेहरा उतरला. बहात्तरांपैकी चोपन्न डाव बोटांचे होते. बगळ्याला चोचच राहिली नव्हती. मग कोचबाईंनी नियम सांगितले. डोळ्यांवर नाही, गळ्यावर नाही, कमरेखाली नाही, लाथा नाहीत. मास्तर मनातल्या मनात वजा करत होते. शेवटी तीन डाव उरले आणि त्यातल्या एकाला स्टूल लागायचं.

चष्मा बायकोकडे गेला. शिट्टी वाजली.

आता मास्तरांच्या पद्धतीत लढाईआधी समोरच्याला अभिवादन करायचं असतं. उजवी मूठ डाव्या तळव्यात, एक पाऊल मागे, कंबरेतून वाकून, मग हात आकाशाकडे, मग जमिनीकडे. एकूण अकरा सेकंद लागतात. नवव्या सेकंदाला मेहुण्याचा ठोसा नाकावर बसला. चष्मेवाल्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याने अभिवादन पूर्ण केलं, कारण अर्धवट सोडणं त्याला बरं वाटेना, आणि घोड्याच्या बैठकीत बसला. पाय फाकलेले, मांड्या जमिनीला समांतर, पाठ ताठ. या बैठकीतून माणूस हलत नाही, असं आचारी सांगायचा, आणि ते शंभर टक्के खरं निघालं. मेहुणा त्याच्याभोवती फिरत, अनोळखी घराची बेल शोधावी तसा, कुठे मारावं ते बघत होता. त्याने एक कानावर मारला, एक बरगडीत. मग चष्मेवाल्याने सगळं बळ गोळा करून 'वाघ डोंगर उतरतो' काढला. वाघ दोन पावलं उतरला आणि तोंडावर ठोसा खाऊन परत डोंगरावर गेला.

बॉक्सर खिदळत होते. पोस्टातल्या बाईंनी टॉवेलने त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पायावर उभे आहात, हेही काही कमी नाही." खरं तर ते मेहुण्यामुळे होतं. दाजी म्हणून तो हात राखून, गुपचूप, टपल्या मारल्यासारखे ठोसे मारत होता. पण कोचबाईंच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. त्यांनी कोपऱ्यात त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

"इथे नातंगोतं नाही. ठोशाबरोबर श्वास सोड. किती वेळा सांगितलं तुला? प्रत्येक ठोशाला श्वास बाहेर."

आणि इथेच सगळी गंमत झाली. मेहुण्याच्या दातांमध्ये दात सांभाळणारी रबराची कवळी होती, त्यामुळे त्याचं तोंड बंद. बंद तोंडाने, जोर लावून, नाकातून श्वास सोडला की जो आवाज येतो, तो येतो 'हुं'.

दुसरा राउंड सुरू झाला. मेहुणा पुढे आला, खांदा मागे घेतला आणि सणसणीत ठोसा फेकला.

"हुं."

चष्मेवाला जमिनीवर होता. त्याचं डोकं जिथे होतं तिथून ठोसा सुसाट निघून गेला आणि त्याच्यामागोमाग मेहुणा दोन पावलं गेला. तो वळेपर्यंत चष्मेवाला लोळून पुन्हा उभा होता. काय झालं ते त्यालाही कळलं नव्हतं.

"एक," कोचबाईंनी मोजायला सुरुवात केली आणि थांबल्या. "ठोसा लागला का?"

"नाही."

"मग पडलात कशाला?"

"सवय," चष्मेवाला म्हणाला.

"हुं." तो पडला, उठला. "हुं, हुं." तो पडला, उठला, पडला, उठला. मेहुण्याने डावीकडून मारून पाहिलं, उजवीकडून मारून पाहिलं, खालून वर मारून पाहिलं. त्याने एकदा नुसतीच हूल दिली, श्वास न सोडता, तर चष्मेवाला ढिम्म हलला नाही, पण हुलीमागून खरा ठोसा आला आणि त्याच्याबरोबर 'हुं'सुद्धा आलं, की सतरंजी अंथरलेली. ठोसा पोत्यावर बसला की पोतं हाताला थांबवतं. हवेत गेला की त्याला तुमच्या खांद्यालाच थांबवावं लागतं. हे कोचबाईंच्या लक्षात आलं होतं आणि मेहुण्याच्या खांद्याच्याही. पोस्टातल्या बाईंनी तेवीस वेळा पडल्याची नोंद बोटांवर ठेवली. बॉक्सर आता हसायचे थांबले होते आणि त्यातला एक जण बसल्या जागी हनुवटी छातीला लावून बघत होता. बायकोने पर्स बाजूला ठेवली.

फक्त मास्तर लालबुंद झाले होते. राउंड संपताच ते दोरापाशी आले.

"त्याला मान कशाला देतोस?"

"मी नाही देत, मास्तर. आपोआप जातो."

"बावीस वर्षांत मी कुणाकडे मागितला नव्हता, तरी माझाच होता तो." असं म्हणून ते पाठ फिरवून उभे राहिले. खिशातलं कुलूप मांडीवर आपटलेलं चष्मेवाल्याला ऐकू आलं आणि ठोसा खाऊन झालं नव्हतं इतकं त्याला वाईट वाटलं.

तिसऱ्या राउंडला मेहुण्याचे हात शिशाचे झाले होते. आता एकदाच काय तो निकाल लावायचा, म्हणून त्याने पार पाठीमागून, व्हॅनचं मागचं दार लावावं तसा, एक ठोसा आणला. "हुंऽऽ." चष्मेवाला त्याच्या पायाशी पसरला आणि गोल पाठीने लोळला. मेहुणा आपल्या मुठीच्या मागे पुढे आला, लोळणाऱ्या पाठीला त्याचे दोन्ही पाय अडकले आणि तो हातातून पार्सल सुटावं तसा धप्पकन आदळला. हनुवटी वर, पाठ सरळ, कोपर आधी. पडायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

कोचबाईंनी मोजलं. आठाला मेहुणा उठून बसला, कवळी काढली आणि म्हणाला, "ताई, पाणी."

रिंगच्या मधोमध चष्मेवाला दोन्ही ग्लोव्ह्ज वर करून उभा होता. "कुठे गेला?" तो विचारत होता. "गेला कुठे तो?"

कोचबाईंनी त्याचा हात वर केला. बायकोने येऊन त्याच्या नाकावर चष्मा बसवला, नाक सुजल्यामुळे तो जरा तिरका बसला, आणि म्हणाली, "चला, काहीतरी कामाला आलं." तिच्याकडून हे फार झालं. पण चष्मेवाला मास्तरांना शोधत होता. मास्तर दारापाशी होते, हातात कुलूप.

"जिंकलास. मला आनंद झाला," ते म्हणाले, आणि तो खरोखरच झालेला दिसत होता. "पण माझा डाव एकही लागला नाही. मी बघत होतो. शब्द म्हणजे शब्द."

"मास्तर, पडायला तुम्हीच शिकवलंत."

"ते काय डाव आहे? ती रीत आहे. शिवाय ती आचाऱ्याचीही नाही. जहाजाच्या स्वयंपाकघरात पडायला जागा कुठली? दोन्ही बाजूंना उकळती पातेली. आम्ही तिथे नुसते भिंतीला टेकायचो." मास्तर जरा घुटमळले. "पडण्याचा धडा लिफ्टच्या कंपनीच्या सुरक्षा पुस्तिकेतला आहे. पान एकोणीस. उंचीवरून तोल गेल्यास काय करावे. मला चित्रं आवडली म्हणून मी घेतला."

चष्मेवाल्याने नाकावरचा तिरका चष्मा सरळ केला. मग त्याने विचारलं, "लिफ्ट दुरुस्त झाली की तुम्ही सगळ्यात आधी काय तपासायचात?"

"ब्रेक. दोर तुटला तर धरणारा."

"वर जायचं बटण नाही?"

"बटण कशाला? ते काय कुणीही..." मास्तर मध्येच थांबले.

तेवढ्यात कोचबाई हात पुसत आल्या. "काका, या वर्षात माझ्याकडे दोन मनगटं मोडली, आणि आता याचं कोपर. माझ्या लोकांना हे पडणं शिकवाल का?"

मास्तरांनी कुलपाकडे पाहिलं, मग चष्मेवाल्याकडे, आणि मान खाली घालून म्हणाले, "मला येत नाही."

कोचबाईंचं हात पुसणं थांबलं.

"मी कधी पडलोच नाही," मास्तर म्हणाले. "चित्रं दाखवली, लोक पडले. आणि आता तर भीती वाटते. गेल्या हिवाळ्यात जिन्यावर घसरलो, तेव्हापासून भिंत धरून उतरतो."

हे चष्मेवाल्याला माहीत होतं. वर्ग सुटल्यावर त्यांचा तळवा भिंतीवरून घासत खाली जाताना तो कित्येक महिने ऐकत होता.

"मंगळवारी सहाला या," तो म्हणाला. चौदा वर्षांत त्याने मास्तरांना पहिल्यांदाच काहीतरी सांगितलं होतं. "कुलूप त्यानंतर लावू."

मंगळवारी खोलीत कधी नव्हे इतकी माणसं होती. कोचबाई आणि त्यांचे सहा बॉक्सर भिंतीला टेकून बसले होते, मेहुणा कोपर गळ्यात बांधून त्यांच्यातच. पोस्टातल्या बाईंनी गादी झटकली. खालून वाफ येत होती. मास्तर येऊन नेहमी चष्मेवाला उभा राहायचा त्या जागी उभे राहिले आणि चष्मेवाला त्यांच्या जागी.

आज त्याने चष्मा काढला नव्हता. चौदा वर्षांत पहिल्यांदाच त्याने वर्ग चालू असताना मास्तरांना स्पष्ट पाहिलं. ढग नव्हताच. एक बुटका म्हातारा माणूस होता, पांढऱ्या शर्टाचं तिसरं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं, आणि दोन्ही मुठींत पँटची शिवण घट्ट धरलेली. आपण इतकी वर्षं या माणसासमोर पडलो ते बरंच केलं, असं चष्मेवाल्याला वाटलं.

"हनुवटी?" त्याने विचारलं.

"छातीला."

"पाठ?"

"गोल." मास्तरांनी डोळे मिटले. "पान एकोणीस मला पाठ आहे. चल."

"थांबा. आधी खिशातलं कुलूप काढा, मास्तर. लागेल."

मास्तरांनी खिशात हात घातला. कुलूप काढलं, क्षणभर हातात तोललं, आणि नेऊन खिडकीच्या कठड्यावर, जिथे चष्मा असायचा तिथे, ठेवलं. परत येऊन उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते.

चष्मेवाल्याने बोटं जुळवून चोच केली, एक पाय उचलला, चोच त्यांच्या छातीपासून चार बोटांवर आणून थांबवली आणि म्हणाला, "हुं."

मास्तर पडले. आणि 'हुं' ऐकून चष्मेवाल्याचेही गुडघे वाकले, तोही पडला. खाली लाँड्रीतल्या कुणीतरी काठीने छत ठोकलं. भिंतीशी कुणी हसलं नाही, कारण मास्तर उठत नव्हते. चष्मेवाला सवयीने लोळून उभा राहणार होता, पण तो राहिला तिथेच, त्यांच्या शेजारी, आणि घाबरून त्यांच्याकडे बघू लागला. मास्तरांची हनुवटी छातीला होती, तळहात सपाट होते.

"पुन्हा," मास्तर छताकडे बघत म्हणाले.